डिसेंबरातला पावशा

तेरेखोल नदी ही पेडणे महालाची उत्तरेची शीव. किरणपाणीहून होडीत बसले की विडी संपेपर्यंत आरोंदा. 1788 साली पेडणे पोर्तुगीजांच्या हाती गेले, तरी आमची सोयरीक आणि बाजार सावंतवाडीकडेच राहिला. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे तर तेही तिकडेच. माझे वडील तेथे शिकले. आरोंद्याच्या एका वर्गमित्राशी जमलेली त्यांची मैत्री पुढे पत्रांवर चालली.

15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कर्नेलसिंग बेनिपाल तेथेच पडले. त्यानंतर भारताने नाकेबंदी कडक केली. रेल्वे थांबली, येणेजाणे परवान्यावर आले. इकडे सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची संमती लागे. टपालातले पत्र वाटेत कोण फोडील याचा नेम नव्हता. म्हणून दोघांची पत्रे रात्रीच्या होडीने, चोरट्या तांदळाबरोबर येत-जात. सापडले तर होडीवाल्यालाही तुरुंग.

1955 ते 1961 या काळातली अकरा पत्रे वडिलांच्या ट्रंकेत मिळाली. एकावरही तिकीट नाही, की कोणाचे नाव नाही. वरवर पाहता सगळा मजकूर पाऊसपाणी आणि गुराढोरांचा. पण 1955 च्या डिसेंबरात मित्र विचारतो, "तुमच्याकडे पावशा ओरडतो का? आवाज स्पष्ट आहे ना?" पेरणीच्या दिवसांत ओरडणारा पक्षी ऐन थंडीत कुठून आला? वडिलांनीच पुढे उलगडा केला. 25 नोव्हेंबरपासून गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून चालवीत. आमच्या माजघरात गोधडीखाली रेडिओ ठेवून ते ऐकत. "म्हैस दावे तोडून आली" म्हणजे कोणी कार्यकर्ता पोलिसांच्या हातून निसटून पलीकडे सुखरूप पोचला. मुक्तिलढ्याच्या आपल्या ग्रंथांत सत्याग्रहींच्या तुकड्या आणि शिक्षेची वर्षे आहेत, आणि ती हवीतच. पण या म्हशीला तेथे जागा नाही, हे इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला खटकते.

अकरांपैकी एकाच पत्रात संकेत नाहीत. आजोबांची थोरली बहीण आरोंद्याला दिलेली होती. ती वारली. मित्राने त्याच रात्री चार ओळी लिहिल्या, पण होडी मिळाली नाही. पत्र आमच्याकडे पोचले तेव्हा तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. आजोबा नदीवर गेले आणि स्नान करून ओलेत्यानेच काठावर बसले. समोरच्या तीरावर बहिणीच्या परसातले माड दिसत होते. पुढे 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि त्याच आठवड्यात आजोबा परवान्यावाचून आरोंद्याला जाऊन आले.