सौंदड आणि ग्रेट ईस्टर्न रोड

आज एका सडकेचा इतिहास बघू. आपला तालुका सडक अर्जुनी. जिल्ह्यात दुसरीही अर्जुनी आहे, मोरगावची. दोघींत घोटाळा नको म्हणून एकीच्या नावाला सडक जोडली गेली. ही सडक म्हणजे इंग्रजांच्या काळातला ग्रेट ईस्टर्न रोड. रायपूर-दुर्गकडे लोक आजही तिला 'जी. ई. रोड' म्हणतात.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली. राजधानी आणि छत्तीसगड यांना जोडणारी ही वाट: नागपूर, भंडारा, साकोली, सौंदड, देवरी, पुढे राजनांदगाव, रायपूर. छत्तीसगडचं धान्य बैलगाड्यांनी नागपूरकडे यायचं. गाडी म्हटली की बैलांना पाणी हवं, वैरण हवी, रात्रीचा मुक्काम हवा. म्हणजे वाटेवरच्या गावांना त्यात काम होतं.

मग १८८०च्या दशकात रेल्वे आली. पण ती सडकेच्या कडेनं नाही आली. तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, डोंगरगड अशी उत्तरेकडून गेली. लांबचा माल तिकडे वळला. गोंदिया जंक्शन झालं, व्यापारपेठ झाली आणि १९९९ मध्ये जिल्ह्याचं ठिकाणही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून दक्षिणेकडे नागभीडची छोटी लाइन निघाली, तेव्हा सौंदडला स्टेशन मिळालं.

स्वातंत्र्यानंतर ट्रक वाढले. सडकेला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणू लागले. आता क्रमांक ५३ आहे. सडक पुन्हा मोठी झाली खरी, पण एक फरक बघा. बैलगाडी गावात थांबायची. ट्रकला थांबायची गरजच नाही. सडक जितकी वेगवान, तितका गावाचा तिच्याशी संबंध कमी.

हे असंच होणार, असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात कूलसिंगेल नावाचा मुख्य रस्ता आहे. पूर्वी तिथं पाण्याचा कालवा होता. तो बुजवून भव्य रस्ता केला, पुढे मोटारींनी भरला. अलीकडे, २०२१ पर्यंत, तिथल्या मोटारींच्या लेन कमी करून पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना जागा दिली.

महामार्गाचं तसं करता येणार नाही, हे मलाही कळतं. पण पलीकडच्या शेतात जाणाऱ्यानं, शाळेतल्या पोरानं ही सडक कुठून ओलांडायची, हे गावानं विचारायलाच हवं. रेल्वेच्या वेळी गावांना कुणी विचारलं नव्हतं. आता ग्रामसभा आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.