मारुतीचं इंजिन, शर्यतीचा खर्च

ठाणे-डोंबिवलीच्या गॅरेजांत मेकॅनिकांनी हजारदा उघडलेलं मारुती ८००चं इंजिन शर्यतीतही धावलंय, बरं का मंडळी! पूर्वी मद्रासजवळच्या शोलावरमला खऱ्या रेसिंग कार आणायच्या त्या गोंडलच्या राजघराण्यानं नाहीतर विजय मल्ल्यांनी. सामान्यांना त्यांचे सुटे भागही परवडणारे नव्हते. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे तीन सिलिंडरचं देशी इंजिन एका माणसाच्या उघड्या गाडीत बसवलं. तीच फॉर्म्युला मारुती. बिघडलेला भाग आता गावातच मिळू लागला! नारायण कार्तिकेयनची सुरुवात तिच्यातलीच. पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत मात्र टायर, सराव, मेकॅनिक, सगळंच पौंडांत. २००५मध्ये जॉर्डन संघातून तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा टाटांचं पाठबळ सोबत होतं.