कयाधूची माती आणि कोरंगी बंदर

मंडळी, आमच्या नरसीहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. शाळेत भूगोलात वाळूचा दांडा, खाजण, त्रिभुज प्रदेश आले की आकृती काढायची, मार्क घ्यायचे, विषय संपला. पण समुद्रकाठच्या एका बंदराच्या इतिहासात आपल्या रानातल्या मातीचाही थोडा हात आहे. आज त्याबद्दल.

नामदेव महाराजांच्या मंदिराजवळून वाहणारी कयाधू पावसाळ्यात चहासारखी गढूळ होते. ती मिळते पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात आणि ते बंगालच्या उपसागराला मिळतात. तिथे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि जमीन समुद्रात पुढे सरकते. आंध्रातली ती हिरवीगार भातखाचरं अशीच तयार झाली.

हे किती जुनं? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गोदावरीच्या मुखासमोरचा समुद्रतळाचा गाळ तपासला होता. दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेली माती रासायनिक गुणांवरून ओळखू येते. गेल्या तीन-चार हजार वर्षांत या मातीचं प्रमाण खूप वाढलेलं दिसलं. पाऊस कमी झाला, झाडोरा विरळ झाला, शेती पसरली आणि उघडी पडलेली जमीन वाहून गेली. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या नांगराची नोंद समुद्राच्या तळाशी आहे!

आता बंदराकडे वळू. गोदावरीच्या मुखाजवळचं कोरंगी एकेकाळी त्या किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. तिथे जहाजं बांधली जात, दुरुस्त होत. ब्रह्मदेशात मजुरीला गेलेल्या तेलुगू लोकांना तिकडे 'कोरंगी' म्हणत, एवढं ते नाव गाजलेलं. १७८९ आणि १८३९ च्या वादळांत समुद्र आत शिरला आणि बंदराची वाताहत झाली. पण वादळानंतर गाव पुन्हा उभं राहू शकतं. गाळाचं तसं नाही, तो वर्षानुवर्षं गुपचूप साचत राहतो. मुखाशी पाणी उथळ झालं, मोठी जहाजं येईनाशी झाली आणि व्यापार काकीनाड्याला गेला. आज कोरंगी ओळखलं जातं ते खारफुटीच्या जंगलासाठी.

काकीनाड्यासमोर 'होप आयलंड' नावाची वाळूची लांबलचक पट्टी आहे. वय जेमतेम दोनशे वर्षं. लाटा किनाऱ्याला तिरप्या येतात आणि नदीने आणलेली वाळू उत्तरेकडे सरकवत नेतात, त्यातून हा दांडा वाढला. तो मोठ्या लाटा अडवतो, म्हणून त्याच्या आडचं पाणी शांत असतं. एक बंदर ज्या गाळाने बुजवलं, त्याच गाळाने शेजारच्या बंदराला आडोसा दिला.

इथवर मिळकतीचा हिशोब झाला. आता तूट. गोदावरी १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. २००० ते २००६ या काळात तो सहा कोटी टनांच्याही खाली आला. कारण उघड आहे, धरणं. १९७६ साली पूर्ण झालेलं जायकवाडी त्यातलंच एक, आणि आपल्याकडे पैनगंगेवरचं इसापूर. समुद्र मात्र आपलं काम थांबवत नाही. गाळ कमी पडला की लाटा किनारा खायला लागतात. साड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं उप्पाडा काकीनाड्याच्या उत्तरेला आहे. तिथे रस्ते आणि घरं समुद्रात गेली. त्याला इतरही कारणं आहेत, पण वाळूची आवक घटणं कुठल्याच किनाऱ्याला मानवत नाही.

मग धरणं नकोत का? मराठवाड्यात राहून असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इसापूरच्या कालव्यावर आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांची रानं भिजतात. २०१७ पासून सरकारी योजनेतून धरणातला गाळ उपसून शेतात टाकतात, तेही चांगलंच. गेलेली माती घरी आली.

फक्त एवढंच, की त्या मातीवर खाली कुणाचं तरी गाव उभं आहे. नदीवर काही बांधताना आपण पाण्याचा हिशोब करतो, वाटे ठरवतो, भांडतोसुद्धा. मातीचा वाटा मात्र कुणी मागत नाही. तो मागायला उप्पाड्याचा कोळी नरसीपर्यंत येणार तरी कसा?