पाहुणा कोण, आणि यजमान कोण?

आजचा विषय 'परदेशी पर्यटक आणि आपली तयारी' असा ठेवलाय. गणपतीपुळ्यात उभं राहून या विषयावर बोलायचं तर सुरुवात समुद्रापासून करावी असं वाटेल. मी मात्र एका राजापासून करणार आहे.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली तो इथेच वारला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध परदेशी पाहुणा तीस वर्षं राहिला, पण आपल्या मर्जीनं नव्हे! आणि गंमत बघा, 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले ते काही किनारा बघायला नाही. ते थिबाच्या समाधीपाशी आले.

यातून काय दिसतं? आकर्षण म्हणजे निव्वळ देखावा नव्हे. स्वच्छ वाळू मालदीवमध्येही आहे. त्या छोट्याशा देशानं 1972 साली पहिलं रिसॉर्ट काढलं आणि पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांची बेटं वेगळी, गावकऱ्यांची वेगळी, असा हिशोब ठेवला. वस्तीच्या बेटांवर छोटी अतिथीगृहं काढायला परवानगी मिळाली ती 2009च्या सुमारास. त्यात सोय होती, पण पाहुणा आणि यजमान यांची गाठच पडत नव्हती. आपल्या शेजारी गोव्यात उलटं झालं. 1980च्या दशकात युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली, आणि पाहुणे थेट गावांच्या अंगणात उतरले. त्यातून पैसा आला, तशी भांडणंही आली.

गणपतीपुळ्याला यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. इथे किनारा म्हणजे देवळाचं अंगण आहे. इथली टेकडीच देवाचं रूप मानलीय, म्हणून प्रदक्षिणा गाभाऱ्याला नाही, सबंध डोंगराला. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, तसा इथला ओघ वाढला. पण येणारा बहुतेक आपलाच माणूस. दर्शन घेतो, मोदक खातो, पाण्यात उतरतो.

आणि इथेच खरा प्रश्न आहे. हा समुद्र दिसतो तितका सौम्य नाही. पाण्याखालून ओढ आहे, तळ एकदम खोल जातो. इथे माणसं बुडालेली आहेत. गावातल्या माणसाला हे ठाऊक असतं. परक्याला ते कोण सांगणार? मराठी न वाचणाऱ्याला मराठी फलकाचा काय उपयोग?

काही वर्षांपूर्वी प्रदक्षिणेच्या वाटेवर मला एका परदेशी बाईंनी विचारलं, "लोक डोंगराभोवती अनवाणी का चालतात?" त्यांच्या सोबतचा वाटाड्या म्हणाला, "प्रथा आहे." झालं, संपलं! आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला ते उत्तर टोचलं. पण खरं सांगतो, मलाही तिथल्या तिथे धड सांगता आलं नाही.

तेव्हा तयारी म्हणजे काय? खोल्या, रस्ते, शौचालयं हवीतच. त्याबद्दल वाद नाही. पण त्याआधी दोन गोष्टी लागतात: पाहुण्याचा जीव सांभाळण्याची जबाबदारी, आणि आपण कोण आहोत हे सांगता येणं. थिबाला आपण नीट ओळखलं नाही, ओळख पटली ती त्याच्या देशातले लोक शोधत आले तेव्हा. पुढच्या पाहुण्याच्या बाबतीत तरी इतका उशीर नको. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न.