करोडगिरीचे नाके : हैदराबाद संस्थान आणि त्याचा शेजारबाजार

जुन्या हैदराबाद राज्यातील मराठी माणसाच्या व्यवहारात तीन शब्द असे होते की, ते पुण्या-मुंबईच्या वाचकास समजावून सांगावे लागत. ‘हाली’ म्हणजे निजामाचा रुपया; ‘कलदार’ म्हणजे इंग्रजी अमलातील रुपया; आणि ‘करोडगिरी’ म्हणजे राज्याच्या सीमेवर मालावर जकात घेणारे खाते. यांतील तिसऱ्या शब्दाचे मूळ मोगल काळातील ‘करोडी’ या वसुली अधिकाऱ्याच्या हुद्द्यात आहे. हे तिन्ही शब्द आता लोपले आहेत. परंतु 1947–48 सालच्या हैदराबाद प्रश्नाची एक महत्त्वाची बाजू त्यांच्यात साठलेली आहे, असे आम्हांस वाटते. त्या प्रश्नाचा इतिहास बहुधा वाटाघाटी, रझाकारांचे अत्याचार आणि लष्करी कारवाई यांच्या अंगाने लिहिला गेला. ज्या बाजारपेठेशी आपली नाडी जोडलेली आहे तिच्यापासून एखादे राज्य अलग होऊ पाहते तेव्हा काय घडते, या दृष्टीनेही तो तपासून पाहिला पाहिजे.

प्रथम भूगोल पाहू. सुमारे 82 हजार चौरस मैलांच्या या राज्यास समुद्रकिनारा नव्हता. तो पूर्वी होता. परंतु 1759 मध्ये मच्छलीपट्टण इंग्रजांच्या हाती गेले आणि 1766 च्या तहाने उत्तर सरकारचा किनारी मुलूखही गेला. त्यानंतर मीठही बाहेरून आणावे लागे. ही अडचण ओळखूनच 1802 च्या व्यापारी तहात निजामास मच्छलीपट्टण बंदराच्या वापराची मोकळीक देण्यात आली आणि उभयतांच्या मुलखांत ये-जा करणाऱ्या मालावर शेकडा 5 जकात ठरली. म्हणजे आपल्या सीमेवर जकात घेण्याचा हक्क निजामाकडे राहिला, पण तिचा दर त्यास एकट्याने ठरविता येईना. स्वातंत्र्य आणि परावलंबन यांची ही गाठ पुढे जवळजवळ दीडशे वर्षे टिकली.

आगगाडीने ती अधिक घट्ट केली. 1874 मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग झाला आणि हैदराबाद शहर मुंबईच्या मुख्य मार्गास जोडले गेले. या शतकांतराच्या सुमारास गोदावरी खोऱ्याचा मार्ग मनमाडास पोहोचला आणि जालना, परभणी, नांदेड या भागांतील कापसास मुंबईची वाट खुली झाली. दक्षिणेस बार्शीची छोटी गाडी लातूरपर्यंत आली. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. परंतु धान्य आणि गळिताचा माल यांना ही रेषा ठाऊक नव्हती. शेतकऱ्याचे शेत एका राज्यात, त्याचा अडत्या दुसऱ्यात आणि मुलीचे सासर पुन्हा पहिल्यात, असा हा संसार होता. उलट दिशेनेही अवलंबन होतेच. सिंगरेणीचा कोळसा दक्षिण हिंदुस्थानातील आगगाड्यांस व गिरण्यांस हवा असे. हे नाते एकाच बाजूच्या उपकाराचे नव्हते, ही गोष्ट विसरता कामा नये.

या एकजीव बाजारात दोन चलने नांदत होती. 7 हाली रुपये म्हणजे सुमारे 6 कलदार, असा भाव असे. मनमाडच्या पलीकडे शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यापासून मुंबईस रुई पाठविणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकास हा हिशेब करावा लागे. स्वतःचे नाणे, स्वतःचे टपाल, स्वतःची करोडगिरी : दरबारास ही आपल्या सार्वभौमत्वाची चिन्हे वाटत. सामान्य प्रजाजनास ती वाटेवरची खोटी वाटे.

15 ऑगस्ट 1947 रोजी इंग्रजांची अधिसत्ता संपली. निजामाने भारतीय संघराज्यात सामील होण्यास नकार दिला. तथापि नकार देणे आणि अलग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 29 नोव्हेंबर 1947 रोजी एक वर्ष मुदतीचा जैसे थे करार झाला, त्याचा अर्थच असा की, समाईक विषयांतील जुनी व्यवस्था तूर्त चालू राहावी. परंतु त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातूंच्या निर्यातीस बंदी घातली, तर दुसऱ्याने भारतीय चलन राज्यात कायदेशीर राहणार नाही असे ठरविले. त्याच सुमारास भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपाने 20 कोटी रुपये पाकिस्तानास देऊ केल्याचे उघड झाले. मार्मागोवा बंदराच्या वापरासाठी पोर्तुगीजांकडेही चाचपणी चालली होती. दोन शतकांपूर्वी गमावलेल्या समुद्राची आठवण दरबारास पुन्हा झाली होती.

यावर शेजाऱ्याचे उत्तर काय आले? हैदराबाद सरकारची तक्रार अशी की, औषधे, पेट्रोल, मीठ, यंत्रांचे सुटे भाग यांची वाट अडविली जात आहे आणि ही आर्थिक नाकेबंदीच होय. भारत सरकारचे म्हणणे असे की, निर्बंध शस्त्रे व युद्धोपयोगी साहित्यापुरते आहेत. प्रत्यक्षात सीमेवरील तपासणी कागदावरील आदेशापुरती मर्यादित राहिली नाही आणि तिची झळ राज्यकर्त्यांपेक्षा रुग्णालयांना व गरिबांना अधिक लागली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. 21 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादने सुरक्षा समितीकडे जी तक्रार नेली, तिच्यातही या नाकेबंदीचा उल्लेख होता. पण ज्या जैसे थे कराराचा आधार घेऊन माल मागावयाचा, त्याच करारास छेद देणारे वटहुकूम आपणच काढावयाचे, ही विसंगती दरबारास सोडविता आली नाही.

या काळातील एक गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाल्यावर मनमाड, बार्शी, उमरखेड अशा सीमेपलीकडील ठिकाणी केंद्रे उभी राहिली आणि तेथील तरुण कार्यकर्त्यांनी ज्यांवर हल्ले केले त्यांत करोडगिरीचे नाके ठळकपणे दिसतात. याचे एक कारण सोयीचे होते : नाके सीमेवर होते आणि तेथे सशस्त्र पहारा असे. लढ्याचे मूळ कारण तर जबाबदार राज्यपद्धतीची मागणी व रझाकारांचा जुलूम हेच होते. परंतु ज्या नाक्याकडे बोट दाखवून दरबार आपले स्वातंत्र्य सिद्ध करीत होता, तोच नाका त्याच्या प्रजेस परकेपणाची खूण वाटावा, हा योगायोग खास नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच भाषा बोलणाऱ्या मराठवाड्यात तर ही भावना अधिकच तीव्र होती.

13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या कारवाईने राजकीय प्रश्न पाच दिवसांत निकालात निघाला. आर्थिक प्रश्न मात्र तसा निघाला नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावयाचे ते येथेच. सीमेवरील जकात हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. ते एका दिवसात काढून घेतले तर शाळा व दवाखाने चालवावयाचे कशावर? म्हणून भारतीय घटनेच्या 306 व्या कलमाने हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांस, केंद्राशी करार करून, अशी जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली. ज्या घटनेने देशभर व्यापार मुक्त केला, तिनेच हा अपवाद केला. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने ते कलम गेले. हाली नाणेही असेच सावकाश गेले : 1950 मध्ये भारतीय रुपया शेजारी येऊन बसला, परंतु हाली पूर्णपणे रद्द व्हावयास 1959 साल उजाडले. अलग होणे जितके कठीण, तितकेच एक होणेही कठीण असते.

हल्लीच्या जगातही याचा प्रत्यय येतो. 1973 पासून युरोपीय समाईक बाजारपेठेत असलेल्या ब्रिटनने 2016 च्या सार्वमतानंतर 31 जानेवारी 2020 रोजी युरोपीय संघ सोडला. स्थित्यंतराची मुदत त्या वर्षअखेर संपली. पण आयर्लंड बेटावरील सीमेचे काय करावयाचे, हा पेच उरलाच आणि 2023 मध्ये त्यासाठी नवा समझोता करावा लागला. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये मतदारांनी निर्णय घेतला. हैदराबादेत प्रजेस कोणी विचारले नाही, आणि हा भेद लहान नव्हे. तरीही एक साम्य उरते. संघ सोडता येतो, शेजार सोडता येत नाही. आणि त्या शेजाराची किंमत प्रथम सीमेवरच्या माणसास मोजावी लागते.

1956 मध्ये हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. या वाटणीनंतर विक्रीकराचे तपासणी नाके पुष्कळ वर्षे राहिले. 2017 च्या वस्तू व सेवा करानंतर तेही उठले. आज नांदेडचा व्यापारी हैदराबादेस माल पाठवितो तेव्हा त्यास दोन रुपयांचा भाव पाहावा लागत नाही. करोडगिरी हा शब्द नव्या पिढीस कोशात शोधावा लागतो. या शब्दाच्या लोपाबद्दल खेद करावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याचा अर्थ शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावा. सीमारेषा नकाशावर आखणे किती सोपे आणि ती बाजाराच्या दिवशी सांभाळणे किती अवघड, हे त्या एका शब्दाच्या आधारे समजावून देता येते.