स्क्रीन तीच, पण डेटा गायब: अँड्रॉइड ॲपमधल्या स्टॅटिक व्हेरिएबलचा घोळ समजून घ्या

अँड्रॉइड ॲप बनवायला शिकताना एक प्रश्न सगळ्यांनाच पडतो. एका स्क्रीनवरचा डेटा दुसऱ्या स्क्रीनवर न्यायचा कसा, आणि तो टिकवायचा कसा? मी सुरुवातीला सोपा मार्ग धरला होता: स्टॅटिक व्हेरिएबल. तो महागात पडला, मला नाही, माझ्या मावशीला.

मावशी जेवणाचे डबे देते. तिच्यासाठी मी हिशोबाचं छोटं ॲप बनवलं. पहिल्या स्क्रीनवर कोणाला किती डबे गेले ते टिपायचं, दुसऱ्या स्क्रीनवर बेरीज बघून 'सेव्ह' दाबायचं. मधली यादी मी स्टॅटिक लिस्टमध्ये ठेवली. माझ्या फोनवर महिनाभर काही अडचण नाही. मावशीचा फोन मात्र २ जीबी रॅमचा. एका संध्याकाळी बेरजेच्या स्क्रीनवर असताना तिने किराण्याच्या बिलाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला. परत आली तर स्क्रीन तीच, पण बेरीज शून्य. तिने सवयीने सेव्ह दाबलं. लगेच मला फोन: "अरे, तुझ्या ॲपने माझे बत्तीस डबे खाल्ले की रे!" तिने आठवून आठवून परत लिहिलं, तरी दोन डब्यांचे पैसे बुडालेच.

नक्की काय झालं?

ॲपमध्ये तीन गोष्टींचं आयुष्य वेगवेगळं असतं.

१. ॲक्टिव्हिटी, म्हणजे स्क्रीन: फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा जुनी ॲक्टिव्हिटी नष्ट करतो (ऑनडिस्ट्रॉय) आणि नवीन बनवतो (ऑनक्रिएट). तिच्यातले साधे व्हेरिएबल जुन्या स्क्रीनबरोबर जातात.

२. प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेलं ॲप: स्टॅटिक व्हेरिएबल इथे राहतो. म्हणून स्क्रीन फिरवली तरी तो टिकतो, आणि आपल्याला वाटतं की काम झालं. कोटलिनमध्ये स्टॅटिक हा शब्द नाही, पण कंपॅनियन ऑब्जेक्टमधल्या व्हेरिएबलची गत तीच.

३. फोनचं स्टोरेज: ॲप बंद झालं तरी इथला डेटा राहतो.

कॅमेऱ्याला भरपूर मेमरी लागते. ती कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेल्या ॲपची प्रोसेसच मारून टाकतो. आपण परत आलो की तो नवी प्रोसेस सुरू करून तीच स्क्रीन पुन्हा उभी करतो. वापरणाऱ्याला वाटतं, ॲप चालूच होतं. पण स्टॅटिक लिस्ट मात्र कोरी! माझ्या फोनमध्ये रॅम जास्त, म्हणून मला हे कधी दिसलंच नाही.

स्टॅटिकचे आणखी दोन त्रास

नको तेव्हा तो जातही नाही. एकाने लॉगआउट केलं, दुसऱ्याने लॉगिन केलं, पण प्रोसेस तीच असेल तर पहिल्याची माहिती दुसऱ्याला दिसू शकते. ऑनक्रिएटमध्ये स्टॅटिक लिस्टला नावं जोडत असाल तर फोन फिरवल्यावर प्रत्येक नाव दोनदा दिसेल.

दुसरं म्हणजे मेमरी लीक. स्टॅटिकमध्ये ॲक्टिव्हिटी किंवा एखादा व्ह्यू ठेवला, तर ती स्क्रीन संपली तरी मेमरीतून सुटत नाही.

मग कुठे काय ठेवायचं?

• स्क्रीनपुरता डेटा: व्ह्यूमॉडेल. गुगलने २०१७ मध्ये आणलेला हा घटक स्क्रीन फिरवल्यावर टिकतो आणि स्क्रीन खरोखर संपली की साफ होतो. पण प्रोसेस मेली की हाही जातो.

• टाइप केलेला छोटा मजकूर, निवडलेल्या ग्राहकाचा आयडी: सेव्हड स्टेट हँडल किंवा ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेटचा बंडल. कंपोज वापरत असाल तर रिमेंबर सेव्हेबल. प्रोसेस मेली तरी हे परत मिळतं. मात्र ॲप रिसेंटमधून सरकवून काढलं की हेही गेलं. यात मोठी यादी किंवा फोटो कोंबू नका. बंडल ज्या वाटेने जातो तिथे सगळ्या व्यवहारांना मिळून साधारण १ एमबी जागा असते. अँड्रॉइड ७.० पासून ती ओलांडली की ॲप क्रॅश होतं.

• जे हरवलं तर कोणाचं तरी नुकसान होईल ते सगळं: रूम डेटाबेस. सेटिंगसाठी डेटास्टोअर.

• स्टॅटिक: फक्त न बदलणाऱ्या गोष्टींसाठी, जसं की एखादं ठरलेलं नाव किंवा आकडा.

एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाताना पूर्ण यादी नेऊ नका. इंटेंटमधून फक्त आयडी पाठवा, बाकीचं पुढच्या स्क्रीनने डेटाबेसमधून वाचावं.

तपासायचं कसं?

इथे एक फसगत आहे. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू केलं की फक्त ॲक्टिव्हिटी नष्ट होते, प्रोसेस नाही. म्हणजे स्टॅटिकची चूक त्यात पकडली जात नाही. त्यासाठी ॲप उघडा, होम दाबा, कॉम्प्युटरवरून 'एडीबी शेल एएम किल' आणि पुढे पॅकेजचं नाव अशी कमांड द्या. मग रिसेंटमधून ॲपवर परत या. डेटा दिसला तर तुम्ही पास.

मावशीच्या ॲपमध्ये आता प्रत्येक डबा टिपला की तो लगेच रूममध्ये जातो. 'सेव्ह' बटण मी काढूनच टाकलं. नवीन फीचर टाकताना मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याच क्षणी प्रोसेस मेली तर कोणाचं काय जाईल? उत्तरात पैसे किंवा कोणाची मेहनत आली, तर तो डेटा थेट स्टोरेजमध्ये.