भिडे वाड्याचे ऋण

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर, तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. लाकडी खांब-तुळया, विटांच्या भिंती, असा जुन्या पुण्यातला साधा वाडा. पण १८४८ साली क्रांतिबा जोतीराव फुले व सावित्रीमाई यांनी याच वाड्यात मुलींची शाळा काढली. माईंचे वय तेव्हा अवघे १७. जाता-येता अंगावर शेण, चिखल झेलला. पण माई हटल्या नाहीत.

पुढे शाळा गेली, तळमजल्यावर दुकाने राहिली. वाडा मोडकळीस आला. जागेचा दावा वर्षानुवर्षे कोर्टात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला अन् ४ डिसेंबरच्या रात्री महापालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी वाडा पाडला. स्मारक हवेच, परंतु ज्या भिंतींनी पहिले धडे ऐकले, त्या आता पुन्हा दिसणार नाहीत. वेळीच डागडुजी झाली असती तर?

बुद्ध व कबीर यांच्यासह जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले. म्हणून ते नुकसान आम्ही आमच्या घरचेच समजतो. तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या विहाराचे कागद, जुने फोटो आजच जपून ठेवा. आणि पोरींची शाळा मधेच सोडवू नका. जयभीम!